मागून म्हणणारे

१

सकाळी साडेनऊच्या ठोक्याला कानमावशी श्रवणकक्षाचे जाड दार ढकलीत, चपला उंबऱ्याबाहेर काढीत, यंत्राला हात जोडीत आणि मगच खुर्चीत बसत. हा नेम एकतीस वर्षांचा. तेवढ्या काळात राष्ट्रीय ध्वनिसंग्रहालयाने सात संचालक पाहिले, तबकड्या मागे पडून फिती आल्या, आणि आता त्या फितींचेही आकडे होऊन संगणकाच्या पोटात साठू लागले होते. मावशींच्या नेमाला मात्र खंड पडला नाही.

त्यांचे काम ऐकण्याचे. जुनी फीत यंत्रावर चढली की ती वाजत वाजत संगणकात उतरे, आणि मावशी कानांवर श्रवणयंत्र चढवून ती पहिल्यापासून अखेरपर्यंत, तिच्या स्वतःच्या चालीने ऐकत. कितव्या मिनिटाला गायक खोकला, कुठे कुत्रे भुंकले, कुठे मागे लहान मूल रडू लागले आणि कुणी त्याला उचलून बाहेर नेले, हे सारे पेन्सिलीने वहीत उतरे. जे ऐकू आले तेच लिहायचे, जे ऐकू यायला हवे होते ते नव्हे, हा त्यांचा बाणा. भक्तीच्या वाटा सांगणाऱ्यांनी श्रवणाला पहिला मान दिला आहे. ती भक्ती आपल्या वाट्याला चक्क सरकारी हजेरीपटावर आली, या विचाराने त्या अजूनही मनाशी हसत.

काचेच्या पलीकडे त्यांचा जोडीदार तंत्रज्ञ बसे. जुन्या फितींना दमटपणाने चिकटा येतो. त्या वाजवण्याआधी मंद उष्णतेच्या भट्टीत तासन् तास शेकाव्या लागतात. हे काम या चाळिशी उलटलेल्या, दोन मुलींच्या बापाकडे असल्यामुळे सारे कार्यालय त्याला बल्लव म्हणे. शेकलेली फीत एकदाच धड वाजते. नंतर तिच्यावरचा लेप भुकटी होऊन गळतो आणि हाती नुसती पट्टी उरते. म्हणून मावशींचे ऐकणे हे त्या फितीचे शेवटचे ऐकणे असे.

त्या आठवड्यात खोऱ्यातल्या भजनांच्या बारा फिती चालल्या होत्या. ते खोरे ओस पडून दोन पिढ्या लोटल्या होत्या. गाणारे कुणी उरले नव्हते, आणि त्यांचे सूर जगात या बारा चकत्यांवाचून कुठेही नव्हते. सोमवारी संचालिकाबाई स्वतः कक्षात आल्या.

"मावशी, बाराच्या बारा पूर्ण असतील तरच खोऱ्याचा संग्रह कायमच्या कोठारात जाईल. अपुरा संग्रह समिती घेत नाही. यादी गुरुवारी संध्याकाळी बंद होते."

"बाराव्या फितीच्या कार्डावर 'सदोष' लिहिलंय, बाई. म्होरक्या गातोय, पण मागून म्हणणाऱ्यांचा आवाज नाही. एकच माईक होता म्हणे, तो त्याच्या तोंडापुढे."

"मग तुम्ही ऐका आणि काय ते लिहा. तुम्ही पूर्ण म्हणालात तर पूर्ण." दाराशी जाऊन बाई थबकल्या. "आणि हो, प्रत्येक फितीच्या शेवटी ते एक मिनिट कोरं सोडलेलं असतं ना, ते आता कापून टाकायचं ठरतंय. नुसती शांतता साठवून काय करायचं?"

मावशींच्या कपाळाला आठी पडली. जुने ध्वनिमुद्रक गाणे संपल्यावर त्या जागेची शांतता एक मिनिट टिपून ठेवीत, म्हणजे पुढे खरखर कोणती आणि खोलीचा श्वास कोणता हे ओळखता येई. मावशी ते मिनिटही गाण्याइतक्याच मन लावून ऐकत. आतापर्यंत त्या मिनिटाने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

२

"मावशी, नऊ नंबर खमंग झालीय," बल्लव काचेपलीकडून बोलण्याच्या यंत्रात म्हणाला. "वाढू?"

"वाढ बाबा. पण करपवली असशील तर तुझ्या बायकोला सांगेन."

"तिला माहीतच आहे. घरी मला गॅसजवळ उभं करत नाही ती."

नववी फीत गोड होती. म्होरक्याचा आवाज जाड, थोडा घोगरा, पण शब्दाशब्दात असा हसरा की वाटावे, देव याचा बालमित्र असावा आणि आताच दोघांनी मिळून कुणाची तरी खोडी काढली असावी. मागून म्हणणारे त्याची ओळ झेलून परत देत. मावशींची पेन्सिल आनंदाने धावत होती. गाणे संपले. कोरे मिनिट सुरू झाले.

टक्. टक्.

मावशींनी चमकून हातातल्या पेन्सिलीकडे पाहिले. फीत संपली की त्या मेजावर पेन्सिल दोनदा आपटीत. ती खूण पाहून बल्लव यंत्र थांबवी. पण फीत अजून संपली नव्हती, आणि पेन्सिल वहीवर निजली होती.

मिनिट पुरे झाले. त्यांनी पेन्सिल उचलली आणि आपटली. टक्. टक्. तोच आवाज. पहिला किंचित जड, दुसरा हलका, जसा त्यांच्या हातून नेहमी निघे तसा.

"बल्लवा, शेवटच्या मिनिटात काही दिसतंय का रे पडद्यावर?"

"आवाजाच्या रेघेवर दोन शेंड्या आहेत बारीकशा. तुम्हीच वाजवलीत ना पेन्सिल?"

"अरे, या खोलीतला आवाज संगणकात जातोच कुठे?"

बल्लवाने डोके खाजवले. खरोखरच जात नव्हता. जे संगणकात उतरत होते ते फितीवरूनच येत होते. "मग कुणीतरी टिचकी मारली असेल तेव्हा. लोक काय, शांत बसा म्हटलं की त्यांना हटकून हात चालवावासा वाटतो."

हे पटण्यासारखे होते. मावशींनी वहीत लिहिले: टिचक्या दोन. आणि लिहिल्यावर उगाचच ती ओळ पुन्हा वाचली.

३

दहाव्या फितीचे कोरे मिनिट सुरू होताच खुर्ची करकरली.

तो आवाज मावशींनी झोपेतही ओळखला असता. मागच्याच महिन्यात त्यांची जुनी खुर्ची मोडून ही नवी आली होती, आणि डावीकडे रेलले की ती कोंबडी पकडल्यासारखी ओरडे. आता त्या ताठ बसल्या होत्या. खुर्ची गप्प होती. करकर कानांतून येत होती. त्या जन्मलेल्याही नसतील अशा काळात टिपलेल्या शांततेतून.

पाठोपाठ एक माणसाचा आवाज आला, लांबून, जणू काचेआडून: "मावशी, झालं का? चहा गार होतोय."

काचेपलीकडे बल्लव एका बाजूला वळून, भट्टीचे दार पुसत उभा होता. त्याचे तोंड मिटलेले होते. मावशी सेकंदकाट्याकडे पाहत राहिल्या. वीस सेकंद गेले. बल्लव वळला, यंत्राचे बटण दाबून म्हणाला, "मावशी, झालं का? चहा गार होतोय."

"आले," त्या म्हणाल्या. आपला आवाज इतका सरळ कसा निघाला याचे त्यांनाच नवल वाटले. उठताना तोल सावरायला त्या डावीकडे रेलल्या, आणि खुर्ची करकरली.

नोंद करताना पेन्सिल वहीवर येऊन अडली. खरे ते लिहावे, तर संचालिकाबाई गोड बोलून त्यांना कपाटांच्या विभागात बसवतील आणि ऐकायला यंत्र लावतील. यंत्राला शांतता ऐकूच येत नाही, ते तिला शून्य म्हणून पुढे जाते. मग बाराव्या फितीबद्दल कुणी काही विचारणार नाही. कार्डावर सदोष आहे, तर सदोष. खोटे लिहावे, तर एकतीस वर्षांच्या वह्यांना डाग. एकतीस वर्षांत प्रथमच मावशींनी एक ओळ कोरी सोडली.

चहा पिताना बल्लव धाकटीच्या पडलेल्या दाताची कथा रंगवून सांगत होता. मावशी खळखळून हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या मनात आले, हेही कुठे टिपले जात असेल का?

४

दुसऱ्या दिवशी कामाआधी त्या कानांच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांना एका लहानशा बंद खोलीत बसवून डॉक्टरांनी बारीक, अधिक बारीक, मग असणे-नसणे एकच व्हावे इतके बारीक सूर ऐकवले. प्रत्येकाला मावशींनी हात वर केला.

"तुमचं वय किती म्हणालात?" डॉक्टरांनी कागद पाहत विचारले.

"सत्तावन्न."

"कान विशीतले आहेत हो. अदलाबदल करता का माझ्याशी? बायकोचं बोलणं मला हल्ली ऐकू येत नाही."

"तो कानांचा दोष नसेल, डॉक्टर."

डॉक्टर इतके हसले की शेजारच्या खोलीतली परिचारिका डोकावली. मावशी निरोगी कानांचा दाखला पिशवीत घालून बाहेर पडल्या. रस्त्यावर ऊन कोवळे होते, एक सायकलवाला शीळ घालत गेला, आणि त्यांना प्रथमच स्वच्छ भीती वाटली. कान बिघडले असते तर बरे झाले असते.

५

अकराव्या फितीच्या वेळी त्यांनी मनाशी ठरवले होते: काहीही ऐकू आले तरी घाबरायचे नाही, फक्त ऐकायचे. देवापुढे बसतो तसे बसायचे.

गाणे संपले. कोरे मिनिट सुरू झाले. दहा सेकंद काहीच नाही. नुसता खोलीचा श्वास. पण खोली कोणती? ही भिंतींना कापसाचे थर लावलेली खोली, की ती, खोऱ्यातली, पंधरावीस माणसे दाटीने बसलेली? आज त्या श्वासात त्यांना दाटी जाणवत होती. कपड्यांची सळसळ. कुणाच्या तरी गुडघ्याला लागलेला कुणाचा तरी गुडघा.

आणि मग हसू. मोठ्याने नव्हे. दाराआड लपून कुणाला तरी चकित करायला टपलेली माणसे एकमेकांची तोंडे दाबून हसतात ना, तसे. एकीने दाबले की दुसऱ्याला फुटे. कुणीतरी "श्श" केले आणि त्यालाच जास्त हसू आले. मावशींच्या अंगावर काटा उभा राहिला, आणि त्या काट्याखालून, त्यांना न विचारता, त्यांच्याही ओठांवर हसू आले. एवढ्या आनंदाने आपली कुणी कधी वाट पाहिली होती? लग्नाच्या दिवशीही नाही.

हसू विरले, आणि त्यांतल्याच कुणीतरी एक चाल गुणगुणायला सुरुवात केली. बाकीच्यांनी ती उचलली. हलकी, झोके घेणारी, मागून म्हणायची ओळ. पहिले दोन शब्द कळले: होतो आत... पुढचा भाग नुसता गुणगुणला, आणि मिनिट संपले.

मावशींनी पेन्सिल आपटली नाही. फीत सुटून चकती भिरभिरू लागली तेव्हा बल्लव धावत आला.

"मावशी! झोप लागली की काय?"

"बल्लवा, बारावी कधी तयार होईल?"

"भट्टीतच आहे. उद्या दुपारी." त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. "काय हो, काही आनंदाची बातमी?"

"अजून कळलेलं नाही," मावशी म्हणाल्या.

६

संध्याकाळी त्या भांडी विसळत होत्या. यजमान दिवाणखान्यात वर्तमानपत्रातले कोडे सोडवीत बसले होते. हा निवृत्त भूगोलाचा मास्तर सुरांशी आयुष्यभर वैर धरून होता. त्यांनी तोंड उघडले की शेजारी खिडकी लावून घेत.

आणि ते गुणगुणत होते. हलकी, झोके घेणारी चाल. एकही सूर न हुकता.

मावशींच्या हातून वाटी निसटली. "अहो! हे काय म्हणताय?"

"काय म्हणतोय?"

"ही चाल. कुठे ऐकलीत?"

"अगं, तूच नाही का म्हणत असतेस? आठवडाभर चाललंय तुझं. डोक्यात बसली माझ्या."

"मी आजच ऐकलीय ती. दुपारी."

"मग मी काय रेडिओ आहे?" यजमानांनी चष्म्यावरून पाहिले, आणि बायकोचा चेहरा पाहून त्यांनी कोडे बाजूला ठेवले. ते उठून आले आणि त्यांनी तिचे ओले हात आपल्या हातांत घेतले. "काय झालंय? नीट सांग."

तिने सांगितले. पेन्सिल, खुर्ची, चहा, हसू. मास्तरांनी मध्ये एकदाही तोंड घातले नाही, हेच मोठे आश्चर्य. शेवटी ते म्हणाले, "मला यातलं काही समजत नाही. पण एक सांग. ते हसणं कसं होतं? कुचेष्टेचं होतं का?"

"नाही हो. घरच्यांचं होतं."

"मग उद्या जा. आणि जे ऐकशील ते लिही. आजवर दुसरं काय केलंयस?"

निजण्यापूर्वी मावशींनी ती कोरी ओळ मनातल्या मनात भरून टाकली. उद्या वहीतही भरायची होती.

७

गुरुवार. दुपारचे दोन. सकाळीच त्यांनी दहाव्या फितीच्या नोंदीत लिहून टाकले होते: खुर्चीची करकर, चहाची हाक, आवाज ओळखीचा. संचालिकाबाई काय म्हणायचे ते म्हणोत. आता बारावी चढली होती, आणि यादी बंद व्हायला तीन तास होते. बल्लवाने काचेपलीकडून अंगठा वर केला.

म्होरक्याचा आवाज आला, तोच घोगरा, हसरा:

सांग, दारी कोण आले?

आणि पुढे मोकळी जागा. बरोबर एक ओळ मावेल एवढी. कार्ड खरे बोलत होते. मागून कुणीच म्हणत नव्हते. आता ही जागा जाईल, दुसरी ओळ येईल, मग पुन्हा जागा, आणि खोऱ्याचे सारे गाणे या बिनउत्तराच्या जागांपायी केराच्या टोपलीत जाईल.

दुसरी ओळ आली नाही.

सांग, दारी कोण आले? तीच ओळ पुन्हा. आणि पुन्हा ती जागा. या वेळी किंचित लांब, मान कलती करून वाट पाहणाऱ्याची असते तशी.

मावशींना समजले. ऐकणाऱ्याने आवाज करायचा नसतो, हा कक्षाचा पहिला नियम. पण ज्याने विचारले त्याला उत्तर न देणे हा कोणता नियम? दोन शब्द त्यांना ठाऊक होते. उरलेले त्यांनी बुद्धीने जुळवले आणि हलकेच म्हटले, "होतो आत, आता आलो."

म्होरक्या थांबला. मग, शिकवणाऱ्याच्या मायेने: सांग, दारी कोण आले?

चुकले होते. मावशींनी डोळे मिटले. ही माणसे जाऊन किती वर्षे झाली. मग खरे तेच म्हणावे. "होतो आत, निघून गेलो."

म्होरक्या मोकळेपणी हसला. ओळीच्या मध्यावर, सूर न सोडता, लहान मुलीच्या बोबड्या उत्तराला हसावे तसा. सांग, दारी कोण आले?

तिसऱ्या वेळी मावशींनी विचार केला नाही. तोंड उघडले आणि ओळ आली, जणू ती त्यांच्या जन्मापूर्वीपासून जिभेच्या टोकाशी बसून होती:

"होतो आत, नाही गेलो!"

सांग, दिवे कुणी केले? म्होरक्या उसळून पुढे गेला, आणि या वेळी मावशी एकट्या नव्हत्या. होतो आत, नाही गेलो. आवाज श्रवणयंत्रातून येत नव्हते. खात्री करायला त्यांनी ते कानांवरून उतरवून मेजावर ठेवले. गाणे तसूभर कमी झाले नाही. ते पाठीमागून येत होते, खुर्चीच्या पाठीला लागून, खांद्यांच्या वर, बायकांचे, पुरुषांचे, एका अगदी पोराचे. जिथे कापूस लावलेली भिंत होती आणि त्या भिंतीपुढे दोन माणसांपुरतीही जागा नव्हती. मानेवर ऊबदार श्वास लागत होता. त्यांच्या उजव्या खांद्यावर कुणीतरी ठेका धरला होता, आपल्याच माणसाच्या खांद्यावर धरावा तसा.

भीती होती. पण ती उंच झोपाळ्यावरच्या भीतीसारखी होती, जिला कुणी खाली उतरवू लागले तर माणूस रडेल. मावशींनी मान वळवली नाही. गाणे चालू असताना वळायचे नसते.

सांग, कोण परतले?

होतो आत, नाही गेलो!

यंत्रावर फीत केव्हाच संपली होती. तिचे सुटलेले टोक फटफटत होते, रिकामी चकती फिरत होती, आणि गाणे चालूच होते. संगणकाचा पडदा काठोकाठ भरत होता.

मावशींनी वही ओढली. अक्षर गोल आले. बारावी फीत. मागून म्हणणाऱ्यांचा आवाज आहे. संग्रह पूर्ण. खाली सही. सहीच्या वर एक रकाना उरला होता, प्रत्येक नोंदीत भरावा लागणारा: म्हणणारे किती?

त्यांनी काचेकडे पाहिले. बल्लव उभा राहिला होता. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. त्यांच्या मागे पाहत होता. त्याचा चेहरा पहाटे देवळाचे दार उघडल्यावर आतल्या समईने उजळावा तसा उजळला होता, आणि गालांवरून पाणी वाहत होते. त्याने एक बोट वर केले होते, आणि ओठ हलवत, एकेकाला नीट न्याहाळत, तो मोजत होता. माणसांची पहिली रांग झाली. बोट किंचित वर सरकले. दुसरी झाली. बोट आणखी वर सरकले, आणखी मागे, भिंत जिथे संपायला हवी होती त्याच्याही पलीकडे.

मावशी पेन्सिलीचे टोक रकान्यावर टेकवून, पुढची ओळ म्हणत, वाट पाहत राहिल्या.